कधी वाजतो

देवास नाक्यामागच्या शेवटच्या गल्लीत,
जिथं जमीन तेल पिऊन पिऊन काळी झाली आहे,
नर्बदाप्रसाद मिस्त्री उकिडवा बसलेला.
मी सांगत होतो :
डासासारखा. नाही, शिट्टीआधीच्या कुकरसारखा.
नाही, लग्नात तो सूर धरून बसणारा असतो ना,
सनईवाला दम घेतो तेव्हाही ज्याचा थांबत नाही...
त्यानं कानामागची विडी काढली.
"कैसा नी पूछ रिया भिया. कब?"

कधी म्हणजे?
तीन महिने तो आवाज माझ्या शेजारी बसून होता,
इंदूर ते धुळे, लसणाच्या पोत्यांपुढे.
मी टेप मोठा करत गेलो
आणि कधी, हे त्याला एकदाही विचारलं नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये. इंजिन चालू.
"क्लच सोड." वाजला.
"दाब." गप्प.
"सोड." वाजला.
मला पुन्हा काहीतरी सुचलं. ते मी गिळलं.

लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन तो खाली सरकला.
उजवा कान कुठल्याशा टायरबरोबर फुटलेला,
डाव्यावर त्याचा स्वतःचाच भरवसा नाही,
म्हणून मूठ दातांत धरली, टोक गिअरबॉक्सला टेकवलं.
चाकांमधून मला फक्त त्याच्या टाचा दिसत होत्या.
बराच वेळ त्या हलल्या नाहीत.
मग लाळ पुसत बाहेर आला. "चल, फिरवून आण. मी बसतो."

बायपास. दुपार. रिकामी गाडी.
पहिला : वाजतो.
दुसरा, तिसरा : वाजतो,
पाय दाबला की चढतो, उचलला की उतरतो.
चौथा : वाजतो, जरा बारीक.
पाचवा टाकला
आणि आम्ही दोघंही पुढं वाकलो.
पाचव्यात नुसता वारा,
आणि मागच्या फाळक्याची साखळी.

"म्हणजे डिफरन्शियल नाही," मी न विचारता बोललो.
त्यानं पहिल्यांदा वळून माझ्याकडे पाहिलं.
पाचव्यात जोर वरच्या वर सरळ निघून जातो;
खालचा शाफ्ट फिरत राहतो, पण त्याच्यावर ओझं नसतं.
ओझं नसलेला माणूस बोंबलत नाही,
हे मिस्त्री म्हणाला नाही. हे माझं.

तेल काढलं तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं.
जळका वास. ड्रेनच्या नटाला चुंबक,
चुंबकाला रुपेरी लव.
एक थेंब त्यानं बोटांत चोळला, उजेडाकडे धरला.
"पिवळं चमकलं असतं तर दुसरं दुखणं."
पिवळं नव्हतं.

रात्री गिअरबॉक्स उतरवला. चार माणसं, एक चेनपुली,
आणि एक शिवी, जी सगळ्यांनी मिळून वापरली.
काउंटर शाफ्टच्या मागच्या बेअरिंगला
आतून देवीचे वण.
सियागंजात तसलं मिळालं थेट सोमवारी.
तोवर लसूण दुसऱ्याच्या गाडीतून गेला, भाडं गेलं,
आणि घरी बापू म्हणाले,
"मी दिवाळीतच सांगितलं होतं. गिअरचा दांडा हाताला चावत होता."
सांगितलं होतं.
मी तेव्हा कॅसेट उलटी करत होतो.

पैसे मोजून दिले. मिस्त्रीनं जुनं बेअरिंग
करंगळीवर चढवलं, फिरवलं, माझ्या कानाशी आणलं.
"अब बोल बारगळ. कैसा?"

मला काहीच सुचेना.
खरखर होती.
लोखंडाची खरखर.

काल मानपूरचा घाट उतरताना गाडी इतकी गप्प
की डाव्या दाराची काच ऐकू आली.
टेप बंद होता.
तिसऱ्यात. ब्रेक लावला की. उजव्या वळणाला जास्त.
सेंधव्याला चहाला थांबलो
तेव्हा डिझेलच्या वहीत लिहून ठेवलं.